कुकर, पण कोणता?

मैत्रिणींनो, एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांची लेक शिकायला इंग्लंडला गेली. भाड्याने घेतलेल्या खोलीच्या करारपत्रात स्वयंपाकघरातल्या सामानाची यादी होती आणि तीत ‘कुकर’ लिहिलेला होता. मग काय, वजन जास्त होतंय म्हणून इथून न्यायचा तीन लिटरचा कुकर ऐनवेळी बॅगेतून काढून ठेवला. तिथे जाऊन पाहते तो भांडं कुठेच नाही! बाई विचारतात, “घरमालकाने फसवलं का हो?”

नाही, फसवलेलं नाही. इंग्लंडात ‘कुकर’ म्हणजे शेगडी. वर बर्नर आणि खाली ओव्हन अशी जी उभी शेगडी असते, ती. ‘गॅस कुकर’, ‘इलेक्ट्रिक कुकर’ ही तिचीच नावं. म्हणून खोली सोडताना ‘कुकर स्वच्छ करून द्यावा’ अशी अट असेल तर ओव्हनसुद्धा आतून घासायचा, नाहीतर अनामत रकमेला कात्री लागायची. अमेरिकेत याच शेगडीला ‘स्टोव्ह’ किंवा ‘रेंज’ म्हणतात. आणि गंमत म्हणजे, इंग्लंडात शिजवून खायच्या आंबट सफरचंदालाही ‘कुकर’ म्हणतात!

स्वयंपाक करणारी बाई मात्र कुकर नव्हे हं. ‘टीच’चं टीचर आणि ‘सिंग’चं सिंगर होतं म्हणून ‘कुक’चं कुकर होईल असं मुलांना वाटतं, आणि “माय मदर इज अ गुड कुकर” असं बिचारी निबंधात लिहून येतात. आई ‘गुड कुक’ असते.

आपलं भांडं म्हणजे ‘प्रेशर कुकर’. त्याचा मूळपुरुष फ्रेंच शास्त्रज्ञ डेनिस पापँ. वाफ कोंडून हाडंसुद्धा मऊ करणारं भांडं त्याने 1679 मध्ये लंडनला दाखवलं. सेफ्टी व्हॉल्व्हही त्याचाच. आपल्या देशात ‘कुकर’ हा शब्द मात्र प्रेशर कुकरच्या आधीच आला होता. बंगालच्या इंदुमाधव मल्लिक यांनी 1910 च्या सुमारास ‘इकमिक कुकर’ काढला. एकावर एक डबे, खाली कोळशाची धग आणि वाफेवर सगळा स्वयंपाक. पुढे 1959 च्या सुमारास प्रेशर कुकर इथे तयार होऊ लागले. हळूहळू बोलण्यातलं ‘प्रेशर’ गळालं आणि नुसता कुकर राहिला.

“कुकर लावलास का ग?” या एका प्रश्नात आपल्याकडे डाळ, तांदूळ, बटाटे सगळं येतं. याला इंग्रजीत शब्दाला शब्द सापडायचा नाही. तिथे ‘प्रेशर कुक’ असं क्रियापद वापरतात. त्यांच्या पाककृतींत शिट्याही नसतात, मिनिटं असतात. पुष्कळशा परदेशी कुकरना शिटीच होत नाही. प्रेशर पूर्ण चढलं की तिथपासून घड्याळ लावायचं. तेव्हा ‘दहा मिनिटे’ वाचून दहा शिट्या काढू नका! रबराची रिंग मागायची तर ‘गॅस्केट’ किंवा ‘सीलिंग रिंग’ म्हणावं.

आता मात्र नीट लक्ष द्या. परदेशात ‘स्लो कुकर’ नावाचं विजेचं भांडं मिळतं. अमेरिकेत त्याला ‘क्रॉकपॉट’ही म्हणतात. नावात कुकर आहे म्हणून मुली रात्री त्यात भिजवलेले राजमे टाकून झोपतात. हे अजिबात करू नये. आपल्या कुकरमध्ये उष्णता साधारण 120 अंशांपर्यंत जाते. स्लो कुकर त्याच्या उलट. मंद आचेवर त्यातलं अन्न कित्येकदा उकळतसुद्धा नाही. कच्च्या लाल राजम्यात एक विषारी द्रव्य असतं. ते खळखळ उकळल्याशिवाय मरत नाही, आणि 80 अंशांच्या आसपास अर्धवट तापलं तर उलट जास्तच बाधतं. चार-पाच दाणेही पुरतात. तीनेक तासांच्या आत उलट्या सुरू होतात, मागोमाग जुलाब. ब्रिटनमध्ये 1970 च्या दशकात अशी प्रकरणं घडून गेली आहेत.

उपाय अगदी साधा आहे. राजमे रात्रभर भिजवावे, ते पाणी फेकावं, नव्या पाण्यात निदान अर्धा तास खळखळून उकळावं आणि मगच स्लो कुकरमध्ये घालावं. आपल्या कुकरमध्ये मऊ शिजलेल्या राजम्याला हे भय नाही. हल्ली एकाच भांड्यात दोन्ही सोयी असलेले विजेचे कुकर आपल्याकडेही आले आहेत. त्यांवर ‘प्रेशर कुक’ आणि ‘स्लो कुक’ अशी वेगवेगळी बटणं असतात. घरात असं भांडं असेल तर सासूबाईंना आणि कामाच्या मावशींनाही कोणतं बटण कशाचं ते दाखवून ठेवा.

पत्र लिहिणाऱ्या ताईंना एक सुचवावंसं वाटतं. कुकर कुणाबरोबर पाठवण्याआधी लेकीला तिच्या खोलीतली शेगडी कसली आहे ते विचारा. इंडक्शनची असेल तर साधा ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर तापणारच नाही. कुकरच्या बुडाला लोहचुंबक चिकटतो का ते बघा. चिकटला तर खुशाल पाठवा, आणि सोबत एक जास्तीची रिंगही द्या.