विषय नाजूक आहे म्हणून शाळेने गप्प बसू नये

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक व माध्यमिक), जिल्हा परिषद, कोल्हापूर
मा. प्रशासनाधिकारी, महापालिका प्राथमिक शिक्षण समिती, कोल्हापूर

महोदय,

7 जून 2023 रोजी मोबाइलवरच्या आक्षेपार्ह स्टेटसवरून शहरात दगडफेक झाली, लाठीमार झाला, इंटरनेट बंद करावे लागले. स्टेटस ठेवणाऱ्यांत अल्पवयीन मुलेही होती. आठवडाभराने शाळा उघडल्या, पण आमच्या माहितीतल्या एकाही वर्गात यावर बोलणे झाले नाही. पुढच्या वर्षी जुलैत विशाळगडाजवळ गजापुरात घरे आणि मशीद फोडली गेली, तेव्हाही तेच. मग मुले व्हॉट्सअ‍ॅपवर शिकतात.

चौथीच्या ‘शिवछत्रपती’मधला अफजलखानाचा प्रसंग घ्या. धडा सुरू झाला की वर्गातल्या एखाद्या मुस्लिम मुलाकडे माना वळतात आणि ते दप्तरात उगाच काहीतरी शोधू लागते. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता, महाराजांच्या आरमारात दौलतखान होता, एवढे बाईंनी त्याच वेळी सांगितले तरी भांडण राज्याचे होते हे मुलांना उमगते. पण सांगणार कोण? एका पालकाचा फोन आला की खुलासा बाईंनाच द्यावा लागतो.

म्हणून पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी : अशा चर्चेला मुभा देणारे लेखी परिपत्रक काढावे आणि तक्रार आल्यास आधी शिक्षकाचे म्हणणे ऐकावे. संविधानाचे कलम 28 पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांत धार्मिक शिक्षणाला मनाई करते. निरनिराळ्या धर्मांची माहिती देण्याला नाही.

दुसरी : स्टेटसचा प्रकार शाळेत उघडकीस आला तर मुलाच्या हाती दाखला ठेवून मोकळे होऊ नये. मुख्याध्यापक, पालक आणि समुपदेशक यांनी एकत्र बसावे. गुन्हा असेल तिथे कायदा आहेच.

तिसरी : 26 जूनला शाहू महाराजांवर भाषणे होतात, तशी ती होऊ देत, पण त्याच दिवशी मुलांना दसरा चौकात, महाराजांच्या पुढाकाराने 1906 मध्ये सुरू झालेल्या मुस्लिम बोर्डिंगमध्ये न्यावे. बाबूजमाल दर्ग्याच्या दारावरचा गणपती दाखवावा. मशिदीत गणपती बसतो त्या कुरुंदवाडला शिरोळ तालुक्यातल्या शाळांनी तरी जावे. सद्‍भावना दिनाच्या प्रतिज्ञा आणखी वाढवू नयेत. त्या मुलांना तोंडपाठ आहेत.

उर्दू आणि मराठी माध्यमाच्या शाळांचे क्रीडा सामने व स्नेहसंमेलने एकत्र घ्यावीत, ही चौथी. यासाठी वेगळा निधी लागणार नाही.

नवे वर्ष 15 जूनला सुरू होते. परिपत्रकाचा मसुदा त्याआधी तयार व्हावा आणि त्यासाठीच्या बैठकीला आमच्या प्रतिनिधींना बोलवावे.

आपले,
शिक्षक-पालक संघटनेचे सभासद, कोल्हापूर