मनोऱ्याला दिलेले पैसे

परवा मी शिकलो त्या विद्यापीठाचं पत्र आलं. (नाव नको. हे सगळीकडे सारखंच असतं.) वर्धापनदिन, गौरवसोहळा, माजी विद्यार्थ्यांना कळकळीचं आवाहन. देणगीचे पर्याय दिले होते: सभागृहातली खुर्ची, प्रवेशद्वाराची कमान, बागेतलं कारंजं. प्रत्येकावर देणगीदाराच्या नावाची पाटी. विद्यार्थ्यांसाठी पैसे द्यायचे असतील तर काय, म्हणून पत्र उलटसुलट करून पाहिलं. शेवटी 'इतर' अशी एक चौकट सापडली. विद्यार्थी बहुतेक त्यात येत असावेत.

आता कुणी म्हणेल, इमारती टिकतात, मुलं काय येतात नि जातात. या युक्तिवादाचा मला मनापासून राग येतो, आणि त्याचं उत्तर प्रेमचंद रायचंद नावाच्या एकाच माणसाच्या हिशोबात आहे.

हे सुरतेत जन्मलेले, मुंबईत कापूस आणि शेअर्समध्ये अफाट कमावलेले आणि १८६५ च्या मंदीत बुडालेले सावकार. मुंबई आणि कलकत्ता, दोन्ही विद्यापीठं १८५७ सालची. प्रेमचंदांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख दिले आणि आईच्या नावानं घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. तो राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला, २८० फूट उंच. सुंदरच आहे, आणि खालच्या ग्रंथालयात पिढ्यान्‌पिढ्या मुलं अभ्यास करून गेली, हेही खरं.

पण याच माणसानं कलकत्ता विद्यापीठालाही दोन लाख दिले, आणि तिथे त्यातून मनोरा नाही, शिष्यवृत्ती उभी राहिली. पी. आर. एस. ही अक्षरं लोक पदवीसारखी नावापुढे लावत. आशुतोष मुखर्जींना ती मिळाली, जदुनाथ सरकारांना मिळाली. ती गरिबी पाहून नव्हे, हुशारी पाहून दिली जाई, हे मान्य. पण संशोधनाला लागणारी उसंत तिनं दिली. जदुनाथांनी पुढे औरंगजेब पिंजून काढला आणि १९१९ मध्ये शिवाजी महाराजांवरचा ग्रंथ लिहिला, ज्याच्याशी आपले इतिहासकार आयुष्यभर भांडले. मुंबईतल्या दलालाचा पैसा, कलकत्त्यातला विद्यार्थी, विषय आपला! काय टिकलं, सांगा बरं?

आणि सयाजीराव गायकवाडांचं तर काय बोलावं. १९१३ साली कोलंबियाला निघालेल्या भीमराव आंबेडकरांना महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. एवढ्या पैशात कुठलं कारंजं झालं असतं?

'हे काम सरकारचं' म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न: सरकारी शिष्यवृत्ती येईपर्यंत मेसवाला थांबतो का? जूनमध्ये फी, डिपॉझिट, खोलीचं भाडं एकदम अंगावर येतं आणि शिष्यवृत्तीचे पैसे परीक्षा झाल्यावर हातात पडतात, हे हॉस्टेलवर राहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे. देणगीचा पैसा नेमका त्या मधल्या महिन्यांसाठी हवा.

मात्र तो कसा ठेवायचा, हेही शिकायला हवं. आजोबांच्या नावानं ठेव ठेवायची, व्याजातून दरसाल ठराविक रक्कम द्यायची, आणि मग चाळीस वर्षं तिच्याकडे बघायचंच नाही. जी रक्कम एकेकाळी वर्षाच्या खानावळीला पुरायची, तिच्यात आज आठवड्याचा नाश्ता निघत नाही. तरी समारंभात मुलाला स्टेजवर बोलावून लिफाफा देतात! व्याजातला काही भाग दरवर्षी मुद्दलात टाकला असता तर हे झालं नसतं. हे काही अवघड गणित नाही.

असो. मी फॉर्मवरचं कारंजं खोडलं आणि लिहिलं, 'हे पैसे कुणाच्या तरी जून-जुलैच्या मेसबिलासाठी वापरावेत, पाटी नको.' अजून उत्तर नाही. कारंज्याचं स्मरणपत्र मात्र काल आलं.