बरिटो आणि पोय

‘चिपोटले’चा बरिटो सरस की ‘टाको बेल’चा, हा परदेशस्थ नातवंडांचा आवडता वाद. बालरोगतज्ज्ञाला मात्र चवीपेक्षा मिठाची चिंता अधिक. चिपोटलेच्या बरिटोच्या नुसत्या आवरणातच सुमारे 600 मिलिग्रॅम सोडियम असते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुचविलेली दैनंदिन मर्यादा 2000, मुलांसाठी त्याहूनही कमी. तरीही गव्हाच्या वेष्टनात कडधान्य, ही मूळ कल्पना उत्तमच. धान्य व कडधान्याची प्रथिने परस्परपूरक असतात. पेडणे-डिचोलीत भातकापणीनंतर पिकणारे अळसांदे आणि पोदेराची पोय हेच कार्य साधतात. शिवाय भाजीतले मीठ घरच्यांच्या हाती राहते. म्हणून पालकांना केवळ ‘बाहेरचे देऊ नका’ असे न बजावता, आपण डॉक्टरांनी डब्यासाठी हा पर्याय आवर्जून सुचवावा.