आकडे कानाला ऐकू येतात का?



२०१६ साली अ‍ॅपल कंपनीने आपल्या ‘आयफोन ७’मधून इअरफोनची पिन खोचण्याचे साडेतीन मिलिमीटरचे छिद्र काढून टाकले. पुढे इतर अनेक कंपन्यांनीही तीच वाट धरली. घरात तारेचा चांगला इअरफोन आहे, पण तो लावायचा कोठे, असा प्रश्न त्यामुळे उभा राहिला. त्याचे उत्तर म्हणून बोटभर लांबीचे एक साधन आता सर्रास विकले जाते. त्याचे एक टोक फोनच्या चार्जिंगच्या जागी बसते, दुसऱ्या टोकाला इअरफोन लागतो. यालाच ‘डॅक’ म्हणतात. त्याच्या किमती हजारभर रुपयांपासून वीस हजारांपर्यंत आणि त्याहूनही वर जातात. खोक्यावर ‘३२ बिट, ३८४ किलोहर्ट्झ’ असे आकडे ठळकपणे छापलेले असतात. ‘सर, यांतला कोणता घेऊ?’ असे विद्यार्थी मला नेहमी विचारतात.

माझे मत आधीच सांगून टाकतो. ज्या आकड्यांसाठी जादा पैसे मागितले जातात, त्यांचा फरक कानाला बहुधा कळत नाही. आणि ज्यांचा फरक कळतो, ते आकडे खोक्यावर क्वचितच दिसतात. हे मत बरोबर की चूक, ते शाळेतल्या भौतिकीच्या आधारेच तपासून पाहू.

डॅक करतो काय?

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. मायक्रोफोन त्यांचे रूपांतर विद्युत्‌दाबाच्या चढउतारांत करतो. अंकीय पद्धतीत हा विद्युत्‌दाब ठरावीक काळाने मोजून त्याचे आकडे नोंदवून ठेवतात. म्हणजे तुमच्या फोनमध्ये गाणे नसतेच, असते ती आकड्यांची लांबलचक वही. त्या आकड्यांपासून पुन्हा सलग बदलणारा विद्युत्‌दाब तयार करणे हे डॅकचे काम. इअरफोनचे पटल हलविण्यासाठी लागणारा छोटा विवर्धकही त्याच डबीत बसविलेला असतो.

यावरून दोन गोष्टी लगेच कळतात. तुमच्या फोनला गोल छिद्र असेल, तर डॅक फोनच्या पोटात आधीच आहे. तुम्ही ब्लूटूथचा इअरफोन वापरत असाल, तर डॅक त्या इअरफोनमध्येच आहे, आणि बाहेरून दुसरा आणून काहीच साधत नाही.

बिट आणि किलोहर्ट्झ

१९८२ साली बाजारात आलेल्या सीडीत प्रत्येक मोजणी १६ बिटांत लिहिलेली असते. दोनाचा सोळावा घात ६५,५३६. म्हणजे विद्युत्‌दाबाच्या तितक्या पायऱ्या झाल्या. एक बिट वाढला की पायऱ्या दुप्पट होतात आणि सर्वांत लहान व सर्वांत मोठ्या आवाजातील अंतर सुमारे ६ डेसिबलांनी वाढते. तेव्हा १६ बिटांना सुमारे ९६ डेसिबल मिळतात. रात्रीच्या शांत खोलीतही २५-३० डेसिबल आवाज असतो. त्यावर ९६ चढविले, तर आपण कान दुखू लागण्याच्या पातळीला जाऊन पोहोचतो! मग ३२ बिटांचे, म्हणजे १९२ डेसिबलांचे, करायचे काय? शिवाय विद्युत्‌मंडलातील इलेक्ट्रॉनांच्या उष्णताजन्य हालचालीचाही गोंगाट असतोच. त्यामुळे आजचे उत्तम डॅकही प्रत्यक्षात २०-२१ बिटांच्या फारसे पलीकडे जात नाहीत. उरलेले बिट कागदावरच राहतात.

आता किलोहर्ट्झ. सीडीसाठी दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजणी करतात. ध्वनीतील सर्वाधिक कंप्रतेच्या (वारंवारतेच्या) दुपटीहून जास्त वेळा मोजणी केली, तर मूळ तरंग तंतोतंत परत मिळविता येतो, हा सिद्धांत क्लॉड शॅनन यांच्या १९४९ सालच्या निबंधात मांडलेला आहे. तंतोतंत हा शब्द महत्त्वाचा आहे. मोजणीच्या दोन बिंदूंमध्ये काही ‘निसटते’ ही समजूत चुकीची आहे. तरुण कानाची मर्यादा सुमारे २०,००० हर्ट्झ. तिची दुप्पट ४०,०००. तेव्हा ४४,१०० पुरेसे झाले. ३८४ किलोहर्ट्झचा डॅक १,९२,००० हर्ट्झपर्यंतचे तरंग घडवू शकेल, पण ते ऐकायला वटवाघळाचे कान हवेत.

आणि गाण्याची फाइलच दाबून लहान केलेली असेल तर? आडातच नाही, ते पोहऱ्यात कोठून येणार?

प्रयोग काय सांगतो?

गणित पुरेसे नाही, कानाची साक्ष हवी, असे कोणी म्हणेल. ती मागणी रास्तच आहे. अमेरिकेत मेयर आणि मोरन यांनी २००७ साली असे प्रयोग प्रसिद्ध केले. जादा बिटांचे संगीत एकदा जसेच्या तसे आणि एकदा १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या टप्प्यातून नेऊन ऐकविले. कोणते कोणते हे श्रोत्यांना माहीत नव्हते. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवूनही सरासरीने २७७ येतात! दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१६ साली जोशुआ रीस यांनी अशा अनेक प्रयोगांची एकत्र तपासणी केली, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले आणि शिकवून तयार केलेल्या श्रोत्यांत ते अधिक आढळले. म्हणजे फरक शून्य आहे असे नाही, पण तो इतका बारीक आहे की त्यासाठी विद्यार्थ्याने खिसा रिकामा करू नये.

मग पाहायचे काय?

पहिली गोष्ट डॅकचा निर्गत संरोध. डॅक आणि इअरफोन एकसरीत जोडलेले असतात, म्हणून विद्युत्‌दाब दोघांत वाटला जातो. समजा, इअरफोनचा संरोध एका कंप्रतेला १६ ओहम आणि दुसऱ्या कंप्रतेला ४८ ओहम आहे. डॅकचा संरोध १० ओहम असेल, तर इअरफोनला पहिल्या वेळी १६/२६ म्हणजे ०.६२ आणि दुसऱ्या वेळी ४८/५८ म्हणजे ०.८३ इतका वाटा मिळेल. हा फरक सुमारे २.६ डेसिबलांचा झाला आणि तो कानाला सहज कळतो. डॅकचा संरोध १ ओहम असेल, तर तोच फरक ०.३५ डेसिबलांवर येतो. म्हणून डॅकचा संरोध इअरफोनच्या एक-अष्टमांशाहून कमी असावा, असा नियम लक्षात ठेवावा.

दुसरी गोष्ट शक्ती. १६ ओहमचा एखादा इअरफोन १ मिलिवॉटला १०० डेसिबल देतो असे धरा. १ व्होल्टला त्याला ६२.५ मिलिवॉट मिळतील आणि आवाज ११८ डेसिबलांवर जाईल. तेव्हा साध्या इअरफोनला १ व्होल्टचा डॅक पुरून उरतो. जास्त व्होल्टची गरज ३०० ओहमच्या मोठ्या हेडफोनांना पडू शकते.

तिसरी गोष्ट गोंगाट. गाणे थांबवून इअरफोन कानात ठेवावा. सतत ‘स्स्स’ असा आवाज येत असेल, तर तो डॅक नको.

दुकानात आणखी एक खबरदारी घ्यावी. सर्वांत स्वस्त जोडणीत कधी कधी डॅक नसतोच, नुसत्या तारा असतात. ती काही मोजक्या फोनांवरच चालते. म्हणून आपला फोन लावून, पुरेसा आवाज येतो ना, हे पाहूनच पैसे द्यावेत. हजार-पंधराशे रुपयांत चांगला डॅक मिळू शकतो. उरलेले पैसे चांगल्या इअरफोनवर खर्च करावेत, कारण दोन इअरफोनांतील फरक दोन डॅकमधील फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो.

कान मात्र बदलून मिळत नाहीत

आंतरकर्णातील ध्वनिग्राही केशपेशी माणसात एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकता येतो. ९० डेसिबल मात्र ४ तासच. मुलांसाठी ही मर्यादा ८० ऐवजी ७५ डेसिबल धरतात. बसच्या गोंगाटावर मात करण्यासाठी आवाज वाढविण्यापेक्षा कानात घट्ट बसणारा इअरफोन वापरणे शहाणपणाचे. बलवान डॅक विकत घेणाऱ्याने हे विशेष ध्यानात ठेवावे.

शिक्षकांना एक सूचना करावीशी वाटते. दोन किमतींचे दोन डॅक वर्गात आणावेत. २०० हर्ट्झचा स्वर वाजवून, इअरफोन जोडलेला ठेवून, मिलिव्होल्ट मोजणाऱ्या मल्टिमीटरने दोन्हींचा विद्युत्‌दाब सारखा करावा, कारण किंचित मोठा आवाज नेहमीच अधिक चांगला वाटतो. मग नाणे उडवून, कोणता लावला ते न सांगता, एकेका विद्यार्थ्याला १६ वेळा ओळखायला सांगावे. नुसत्या अंदाजाने १२ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी आहे. एखाद्याची तेवढी आली, तर त्याची परीक्षा पुन्हा घ्यावी. पुन्हाही आली, तर त्या दोन डॅकमध्ये खरोखर फरक आहे, असे मानून तो कशामुळे ते शोधावे. न आली, तर स्वस्त डॅक घ्यावा आणि निश्चिंत मनाने गाणे ऐकावे.