आधी गव्हाची परीक्षा, मग तेलाची

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांतून एक विलक्षण वार्ता येऊ लागली. आधी डोक्याला खाज सुटे, मग केस ओढताच मुठीत येत आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी टक्कल पडे. पाहता पाहता अठरा गावांतील पावणेतीनशेहून अधिक माणसे या व्याधीने ग्रासली. वृत्तवाहिन्यांनी ‘टक्कल व्हायरस’ असे बारसे करून टाकले. मग काय, न्हावी या गावकऱ्यांचे केस कापेनात आणि जुळत आलेल्या सोयरिकी अडखळू लागल्या.

अशा वेळी घाटावरच्या देऊळघाटात काय किंवा घाटाखालच्या शेगावात काय, घरातील वडीलधाऱ्यांचा हात माका, आवळा, जास्वंदीकडे वळणे स्वाभाविकच होते. या वनस्पतींचा महिमा खोटा नाही. परंतु आयुर्वेद म्हणजे तेलाची बाटली नव्हे. सुश्रुताने इंद्रलुप्त आणि खालित्य यांची संप्राप्ती सांगितली, तशीच कल्पस्थानात विषबाधेच्या लक्षणांत केशपतनाचीही नोंद केली. एकाच वेळी शेकडो माणसे, भिन्न प्रकृतीची असूनही, एकाच व्याधीने आजारी पडतात तेव्हा वैद्याने कोठे पाहावे? चरकाच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसाचा अध्याय याचे उत्तर देतो: सर्वांना समान असलेल्या गोष्टींकडे; वायू, जल, देश आणि काल यांच्याकडे. खारपाणपट्ट्यातील पाण्यावर प्रथम संशय गेला तो म्हणूनच गैर नव्हता.

विंचूदंशावरील संशोधनामुळे ख्यातकीर्त झालेले महाडचे पद्मश्री डॉ. हिंमतराव बावस्कर पाण्यावर थांबले नाहीत. रुग्णांचे रक्त, मूत्र, केस आणि स्वस्त धान्य दुकानातील गहू त्यांनी तपासून घेतले. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला: गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम. प्रौढ माणसाला दिवसाकाठी सुमारे ५५ मायक्रोग्रॅम पुरते आणि ४०० च्या पुढे धोका सुरू होतो. असा गहू पाव किलो खाल्ला तरी साडेतीन हजारांवर मायक्रोग्रॅम पोटात जातात! केसांच्या घडणीत गंधकाची जागा सेलेनियम घेते आणि केस ठिसूळ होऊन गळतो. पंजाबातील होशियारपूर, नवांशहर भागातील काही जमिनी सेलेनियमयुक्त असल्याचे कृषिशास्त्रज्ञांना कित्येक वर्षांपासून ठाऊक आहे. हा गहूही पंजाबकडूनच आल्याचे डॉ. बावस्करांचे म्हणणे आहे.

तो गहू बंद केल्यावर काहींचे केस पाच-सहा आठवड्यांत पुन्हा उगवू लागले. यालाच आयुर्वेद ‘निदानपरिवर्जन’ म्हणतो. हेतू दूर करणे ही पहिली चिकित्सा. अभ्यंग, नस्य, रसायन ही सारी नंतरची. सकाळी माक्याचे तेल चोळून दुपारी त्याच पिठाची पोळी खाणे ही शास्त्राची थट्टाच. आणि ‘आठ दिवसांत केस’ अशी हमी देणारा विक्रेता आयुर्वेदाची जेवढी हानी करतो, तेवढी त्याचे टीकाकारही करीत नाहीत.

केंद्रीय आयुष खात्याचे राज्यमंत्रिपद तेव्हा बुलढाण्याच्याच खासदारांकडे होते. अशा जिल्ह्यात तरी रेशनच्या प्रत्येक खेपेची तपासणी गोदामातच व्हावी, तिचा निकाल दुकानाच्या फळ्यावर लागावा आणि तोवर गरिबाच्या शिधापत्रिकेवर गव्हाऐवजी ज्वारी द्यावी. ज्वारी या मातीला परकी नाही.