नकाशावर आरोग्याचा शेरा

घाटकोपरच्या दक्षिणेस, गोवंडी-मानखुर्दकडे, विस्थापितांसाठी उभारलेल्या लल्लूभाई आणि नटवर पारेख कंपाउंडांतील इमारती परस्परांस इतक्या खेटून उभ्या आहेत की, खालच्या मजल्यांवर भर दुपारीही दिवा लावावा लागतो. आणि 2018 च्या सुमारास झालेल्या पाहणीत क्षयाचे प्रमाण याच मजल्यांवर अधिक आढळले, याचे मला तरी नवल वाटले नाही. मंजुरीच्या दफ्तरात ‘ऊन कोठून येणार?’ असे विचारण्याचा अखत्यार असलेला एखादा जाणकार असता, तर पुढील कित्येक केसपेपर कदाचित निघालेच नसते.

असे जाणकार घडविणारी, 1936 साली नागपाड्यात समाजकार्याची पदव्युत्तर शाळा म्हणून स्थापन झालेली टाटा समाजविज्ञान संस्था 1954 पासून शेजारीच, देवनारला नांदत आहे. परंतु सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्यास लाभते ती बहुधा अनुदान संपताच बरखास्त होणारी प्रकल्पातील चाकरी. टळलेला रोग कोणत्याच तक्त्यात दिसत नाही, हे खरे. पण तेवढ्यासाठी तो टाळणाऱ्यास कायम आस्थापनेबाहेर ठेवणे हा कोठला न्याय? अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत प्रत्येक वॉर्डात असे एक पद महापालिकेने निर्माण करावे, आणि त्या अधिकाऱ्याच्या लेखी शेऱ्यावाचून पुनर्वसनाचा एकही नकाशा मंजूर होऊ नये.