आय फोटोत बसत नाही

मी बोरी बुद्रुकचा. कुकडीकाठचा. आमच्या गावाचं नाव परदेशातल्या शोधनिबंधांत छापून आलंय, ते नदीकाठी सापडलेल्या ज्वालामुखीच्या राखेमुळं आणि अश्मयुगातल्या दगडी हत्यारांमुळं. राखेचा कण न् कण भिंगाखाली गेला. त्याच काठावर कांद्यात खुरपणाऱ्या माझ्या आयेकडं मात्र कुणी पाच मिनिटं नीट बघितलं नाही.

मागं एका शहरी चित्रकारानं माझ्याकडं आयेचा फोटो मागितला. त्याला 'कष्टकरी स्त्री' रंगवायची होती. म्हणलं, गावी चल, समोर बसवतो. म्हणाला, वेळ नाही, मोबाईलवर पाठव. मी पाठवला. (ही माझीच माती, कबूल.) चित्र झालं, विकलं गेलं. मोबाईलनं चपटं केलेलं नाक, उन्हानं काळाठिक्कर पडलेला अर्धा चेहरा, सगळं जसंच्या तसं. खुरपं धरून धरून वाकडं झालेलं बोट तेवढं नव्हतं. फोटोत ते पदराखाली होतं ना! हा समोर बसला असता तर आयेनं पदर सारला असता, आणि वर विचारलं असतं, "तू कोण रं बाबा, मला काय बघतूस?" फोटो असलं काही विचारत नाही. म्हणून तर तो ह्यांच्या सोयीचा.

आता आर्ट स्कूलवाले कॉलर ताठ करतील. म्हणतील, फोटोवरून काढणं ही नक्कल, खरी कला जिवंत माणसावरून. थांबा राव! फोटोचा आधार राजा रविवर्म्यानं घेतला, पॅरिसात देगानं घेतला. आणि तुमच्या लाइफ क्लासात रोजावर तासन्तास पुतळा होऊन बसणारा गरीब माणूस? त्याच्या बरगड्या मोजल्यात, नाव कुठं लिहिलंत?

६ डिसेंबर १९५६ नंतर बाबासाहेबांना समोर कोण बसवणार होतं? गावोगावच्या पेंटरांनी काळ्यापांढऱ्या फोटोंवरूनच त्यांना भिंतीवर आणलं. मीही आणलं. त्या फोटोत कोटाचा रंग नव्हता. निळा मी आपल्या झेंड्यातनं घेतला. ह्याला नक्कल म्हणायची कुणाची छाती आहे?

चित्तप्रसाद बघा. १९४३ च्या दुष्काळात बंगालचा मेदिनीपूर जिल्हा पायी तुडवला, उपाशी माणसं शाईनं रेखाटली, त्यांची नावं-गावं लिहिली. त्याच्या 'हंग्री बेंगॉल'च्या प्रती इंग्रज सरकारनं जप्त करून जाळल्या. पुढं तो मुंबईत अंधेरीला राहिला. त्याच दुष्काळात सुनील जाना कॅमेरा घेऊन फिरत होता. एकाकडं शाई, दुसऱ्याकडं फिल्म, पण दोघंही उपाशी माणसापर्यंत चालत गेले. आमचं भांडण कॅमेऱ्याशी नाही. घरबसल्या आमच्या आयाबहिणींचे फोटो मागवून त्यांच्यावर स्वतःची सही ठोकणाऱ्यांशी आहे.

ह्या उन्हाळ्यात मी गावी गेलो. आयेला वट्यावर बसवलं. पंधरा मिनिटांत उठली. "तुझं चित्र ऱ्हाऊ दे, शेळीला पानी कोण पाजणार?" चेहरा राहिलाच. बोट तेवढं झालं.